सत्त्याऐंशी मिलिसेकंद

९ जानेवारी २०२५, गुरुवार

स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू —

'पडदा'. लाइव्ह कार्यक्रमात व्हिडिओ चालवायचं सॉफ्टवेअर. गाणं चालू असताना मागच्या एलईडी भिंतीवरची चित्रं ठेक्यावर बदलतं. ३१,४०० ओळी. प्रत्येक ओळ माझी.

'ताल-आरसा'. पडद्याच्याच पोटातला भाग. कुठला वादक ठेक्याच्या किती पुढे, किती मागे, ते मिलिसेकंदात दाखवतो. बरोबर असला तर हिरवी रेघ, मागे-पुढे असला तर लाल.

पायाने चित्र बदलायचं पेडल. शिलाई मशीनच्या पायडलपासून. (बायकोच्या, त्रिवेणीच्या मशीनचं. भांडण झालं होतं.)

आठ बटणांचा डबा, स्टीलच्या टिफिनमध्ये बसवलेला.

चुन्याच्या डबीतला पिकअप, म्हणजे ढोलकाचा ठोका पकडणारा माइक. ढोलकाला रबराने अडकवायचा. आत गजराच्या घड्याळातली पितळी चकती. विकत घेतलेला साडेचार हजारांना मिळतो, माझा चाळीस रुपयांत झाला.

ही यादी माधापूरच्या एका कंपनीतल्या रोहन नावाच्या मुलाने मागवली आहे. 'सर, यातलं नक्की काय काय तुमचं स्वतःचं आहे?' सगळंच! बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सुटलं. कोठीच्या बाजारात नऊ वर्षं टीव्ही दुरुस्त केले, मग लग्नाच्या कॅसेटी मिक्स केल्या. प्रोग्रॅमिंग शिकलो आबिड्सच्या फुटपाथवरच्या रविवारच्या जुन्या पुस्तकांतून. शिकवायला कुणी नव्हतं. हेही यादीत घालायला हवं.

११ जानेवारी, शनिवार

रोहन माझ्या काचीगुड्याच्या ऑफिसात येऊन गेला. तिशीचा, मूळ लातूरचा. त्यांचं अ‍ॅप आहे — मुलांनी फोनसमोर वाजवायचं, अ‍ॅप मार्क देणार. त्यासाठी त्यांना ताल-आरसा विकत हवा आहे.

"हे एकट्याने केलंत सर?" तीनदा विचारलं. मोजलं मी.

मग म्हणाला, कानाला कळली नाही आणि आरशाने पकडली अशी एखादी केस सांगा. मी एकनाथरावांची सांगितली.

एकनाथराव आमच्या ऑर्केस्ट्राचे ढोलकवाले. आरटीसीच्या बस डेपोतून फिटर म्हणून निवृत्त, वय आता बहात्तर. चाळीस वर्षं वाजवत होते. २०२२ पासून ढोलकावरची माझी चित्रं जरा उशिरा पडू लागली. दोष कुणाचा ते सिद्ध करायलाच मी आरसा केला. ३ सप्टेंबर २०२३ च्या रिहर्सलला आठ बाय बाराच्या एलईडी भिंतीवर सगळ्यांच्या रेघा लावल्या. सगळ्या हिरव्या, ढोलकाची लाल. सरासरी सत्त्याऐंशी मिलिसेकंद मागे! एकनाथराव खूप वेळ भिंतीकडे बघत राहिले. "मला तर बरोबर वाटतंय हो," म्हणाले. मी म्हणालो, "एकनाथराव, मशीनला भीड नसते."

पुढे त्यांनी सुधारायचा प्रयत्न केला, तर पुढेच पळू लागले. दिवाळीच्या कार्यक्रमात कुसुमताईंची दोन गाणी पार विस्कटली. नोव्हेंबरात त्यांना थांबवलं. कुलदीप आला, ऑक्टोपॅडवर — काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य. थेट वायर, चित्र खटक्यात!

ऐकून रोहन हसला. "बुढाऊ आउट!" म्हणाला. मीही हसलो.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. हिमायतनगरला कुसुमताईंकडे सगळे जमलो. गच्चीवर पतंगांचा गोंधळ. कुसुमताई ऑर्केस्ट्राच्या मालकीण म्हणा, मुख्य गायिका म्हणा, हेडमास्तरीण म्हणा — शाळेतून निवृत्त झाल्या तरी हजेरी घेतातच.

एक डबा झाकून बाजूला ठेवला होता. म्हणाल्या, "एकनाथरावांचा तिळगूळ आहे. येतो म्हणाले फोनवर. आले नाहीत. हे दुसरं वर्ष." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता — "ऐकायला तर ते मला बरोबरच वाटायचे."

"कानाला बरं वाटतं तेच तर फसवतं, ताई."

त्यांनी डब्याचं झाकण घट्ट केलं. मला वाटलं, पटलं.

१९ जानेवारी, रविवार

रिहर्सल. पुढच्या महिन्यात एका घरच्या हळदीचं काम आहे, त्यांना ऑक्टोपॅड नको, खरा ढोलकच हवा. कुलदीपने मामाचा ढोलक आणला. मी खणातून चुन्याची डबी काढली. चौदा महिन्यांनी. रबर कडक झालं होतं, बदललं. आरसा लावला.

लाल रेघ.

सत्त्याऐंशी.

"अंकल, मी बरोबर वाजवलो की!"

"पुन्हा वाजव."

सत्त्याऐंशी. शहाऐंशी. अठ्ठ्याऐंशी. सत्त्याऐंशी.

कुलदीप हसायला लागला. "डब्ब्यात एकनाथकाकांचं भूत घुसलं काय! उतारा काढा अंकल, लिंबू-मिरची बांधा."

सगळे हसले. मी पण हसलो. मग पडदा बंद केला आणि म्हणालो, केबल लूज आहे.

२० जानेवारी, सोमवार

केबल लूज नव्हती.

२१ जानेवारी, मंगळवार

सकाळी नऊला ऑफिस आतून बंद करून बसलो. लाकडी पाटावर एका बाजूला साधा माइक ठेवला, दुसऱ्या बाजूला डबी. मध्ये पेन्सिलीने एकदाच टक्‌ केलं.

पडद्यावर दोन खुणा. एक टक्‌, दोन खुणा! मध्ये अंतर — ८७.

पन्नास वेळा केलं. त्या पाटावर एकनाथराव नव्हते, कुलदीप नव्हता, मीच होतो.

दुपारी सापडलं. ओळ ११,२०६. कॉम्प्युटर आवाज थेट घेत नाही. आधी बादलीत साठवतो, बादली भरली की पुढे ओततो. बादली मोठी, तर उशीर मोठा. बाकी सगळ्यांचे माइक मोठ्या साउंड कार्डात जातात, त्यांची बादली २५६ ची. डबीला तिथे जागा उरली नव्हती म्हणून तिच्यासाठी वेगळं छोटं कार्ड घेतलं होतं. तिची बादली ४०९६ ची. सोळापट.

शेजारी माझाच शेरा — '१२ मार्च २०२२. जनरेटरमुळे करकर येते म्हणून वाढवले. तात्पुरते. उद्या परत २५६ करणे.'

उद्या.

२२ जानेवारी, बुधवार

गणित मांडलं. ४०९६ ला ४४,१०० ने (सेकंदाला आवाजाचे एवढे नमुने) भागलं तर ९२.९ मिलिसेकंद. २५६ ला भागलं तर ५.८. वजाबाकी ८७.१. भागाकार शाळकरी पोरही करील. मी जवळजवळ दीड वर्ष तो आकडा मनात धरून होतो, तोंडाने सांगत होतो, आणि एकदाही तो भागून पाहिला नाही!

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. एकनाथराव मागे नव्हतेच. पण मी रेघ लाल दाखवली म्हणून ती हिरवी करायला ते सत्त्याऐंशीने आधी वाजवू लागले. भिंतीवर सुधारले. आणि कानाला बिघडले! खरोखर बिघडले. म्हणून कुसुमताईंची गाणी विस्कटली. 'अहो, ढोलक पळतोय' — हे त्यांचे शब्द दिवाळीचे. पळत नव्हता. माझ्या रेघेच्या मागे धावत होता.

चाळीस वर्षांचा बसलेला हात मी हलवला.

तरी एक लिहून ठेवतो. मला कुणी एका शब्दाने सांगितलं नाही की मशीन तपासा. कुणीही नाही. सांगितलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

२६ जानेवारी, रविवार

सांगून टाकायचं ठरवून मलकपेठला गेलो. चादरघाटच्या पुलापर्यंत वाक्य तयार होतं. एकनाथरावांच्या गल्लीच्या तोंडाशी स्कूटर उभी केली आणि तिथेच उभा राहिलो. पंचवीस मिनिटं (घड्याळ बघत होतो). समोर कांदेवाला.

त्यांची सून सरोज भाजीची पिशवी घेऊन आली. "अगं बाई, हिम्मतकाका! इथं का उभे? चला की घरात."

"नाही, कांदे घ्यायला आलो होतो."

"काचीगुड्याहून? कांद्याला?"

"इथे स्वस्त आहेत."

"मामंजी आतच आहेत. तुम्हाला बघून बरं वाटंल. दिवसभर टीव्हीपुढंच असतात."

मी विचारलं, ढोलक? "माळ्यावर टाकला. काढू म्हटलं तर नको म्हणतात."

पाच किलो कांदे घेतले आणि परत आलो. त्रिवेणी म्हणाली, घरात सात किलो आहेत, दुकान काढायचंय का?

२९ जानेवारी, बुधवार

रोहनचा फोन. मंजूर झालं — बारा लाख. फेब्रुवारीच्या मध्यावर त्यांच्या मोठ्या लोकांपुढे डेमो, मग सही. "आणि सर, ती ढोलकवाल्या अंकलची स्टोरी नक्की सांगा. सगळ्यांना आवडली."

फोन ठेवला आणि ओळ ११,२०६ दुरुस्त केली. ४०९६ खोडून २५६. करकरीसाठी वेगळा गाळणा लिहिला. पाटावर टक्‌ केलं — एक खूण. आता आरसा खरं दाखवतो. ओळ बदलायला चार सेकंद लागले.

कुणाला कळणार आहे? जुना शेराही पुसला. मग तो परत लिहिला. मग परत पुसला. हे तीन वेळा केलं. त्रेपन्नाव्या वर्षी!

३० जानेवारी, गुरुवार

शेरा परत लिहिला. आता हात लावायचा नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

त्रिवेणीला सांगितलं. ती ब्लाउजला हुक लावत होती. सुईवरची नजर उचलली नाही.

"म्हणजे रोज सत्त्याऐंशीच?"

"हो."

"कमी-जास्त काहीच नाही?"

"एखाद-दुसऱ्याचा फरक."

"आपली उषा रोज उशिरा येते कामाला. पण कधी दहा मिनिटं, कधी पाऊण तास, कधी येतच नाही. दोन वर्षं रोज मोजून तेवढाच उशीर करायला माणूस असतो का कुठे?" दोरा दाताने तोडला. "मला विचारायचं होतं."

तिला यातलं काही कळत नाही असं मी चारचौघांत सांगत आलोय. तिच्यासमोरसुद्धा.

"एकनाथरावांना सांगितलंत?"

"गेलो होतो."

"आणि?"

"कांदे आणले."

तेव्हा मात्र तिने वर पाहिलं. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

२ फेब्रुवारी, रविवार

रिहर्सलला सगळ्यांना सांगितलं. उभा राहून. कान इतके तापले होते की हात लावून बघावेसे वाटले. वाक्य असं निघालं — "एक सेटिंग राहून गेलं होतं, त्यामुळे ढोलक मागे दिसत होता."

कुसुमताई चष्मा काढून म्हणाल्या, "राहून गेलं होतं, की तुम्ही ठेवलं होतं?"

"मी ठेवलं होतं."

"मग तसं म्हणा."

"मी ठेवलं होतं आणि मी विसरलो. एकनाथराव बरोबर वाजवत होते."

कीबोर्डवाल्याने उगाच एक पट्टी दाबली आणि सोडली. कुलदीपचं तोंड उतरलं. "म्हणजे काकांची जागा मी… अंकल, मला म्हाईत नव्हतं हो. मैं तो ऐसे ही मजाक करा उस दिन."

"तुझा काही संबंध नाही बाबा."

कुसुमताई म्हणाल्या, "मला ऐकू येत होतं हो. ते बरोबर आहेत, मला कानाला ऐकू येत होतं. आणि मी तुमच्या त्या लाल रेघेकडे बघून कान गहाण टाकले." मला वाटलं ओरडतील. ओरडल्या नाहीत. पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली.

मी तिथेही म्हणालो — मला कुणी सांगितलं असतं तर! माझंच वाक्य मला तिथे फार मोठ्याने ऐकू आलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

गेलो. आज गल्लीच्या तोंडाशी थांबलो नाही. जिने चढलो, बेल दाबली.

एकनाथराव लुंगी-बनियनवर होते. टीव्हीवर घोड्यांची शर्यत लावलेली — रेसकोर्स घरापासून दहा मिनिटांवर, पण आयुष्यात पैसा लावलेला नाही, नुसतं बघतात. टापा ऐकायला आवडतात म्हणे. मला बघून आवाज बारीक केला. "या हिम्मतराव. सरोज, चहा टाक गं, आपले हिम्मतराव आलेत."

आपले!

चहा येईपर्यंत थांबलो नाही. सांगितलं सगळं. १२ मार्च, बादली, सोळापट, पाट, पेन्सिल. फार बारीक सांगत बसलो, कारण आकडे सांगताना मला मान वर करता येते. ते ऐकत होते. फिटर माणूस, लगेच कळलं. "म्हणजे क्लच धरूनच गाडी चालवत होता म्हणा."

"हो."

"आणि म्हणत होता, इंजनात दम नाही."

"हो."

आतून सरोज दारात येऊन उभी. कपबशी हातात तशीच.

"कसं कळालं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"कुलदीपने ढोलक वाजवला. त्याचाही तेवढाच उशीर दिसला. मग डबी तपासली."

"हं. तपासली शेवटी."

एवढंच. मग म्हणाले, पोरगं कसं वाजवतंय? चांगलं, म्हणालो. "डाव्या हाताला अंगठा जास्त लावतो तो. सांगा त्याला."

मी म्हणालो, माफ करा. हा शब्द मी आयुष्यात किती वेळा वापरलाय याची यादी केली तर ती फार छोटी होईल. ते हात हलवून म्हणाले, "असूं द्या. चहा घ्या, साय धरली." आणि मी चहा घेतला. पाया पडलो असतो तर बरं झालं असतं. मी चहा घेतला!

निघताना कुसुमताईंचा निरोप दिला — १९ तारखेला शिवजयंतीचा कार्यक्रम आहे, तुम्हीच वाजवायचा. तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज बदलला.

"तसं नाही हो राहिलं आता. तुमच्या त्या रेघेपायी मी महिनाभर रोज पुढं वाजवायला शिकलो. आरशापुढं बसून शिकावं तसं. आता माझा खरा हात कोणता, तेच मला कळंना झालंय. लोकांपुढं नाही बसणार मी."

सरोज म्हणाली, "काकांचं ते मशीन आता नीट झालंय ना, मग त्याच्यापुढं बसून —"

"मशीन नको," एकनाथराव म्हणाले. मोठ्याने नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

'तपासली शेवटी.' शेवटी म्हणाले. का म्हणाले? दिवसभर डोक्यात. मुद्दाम म्हणाले नसतील, तो माणूस टोमणे मारणारा नव्हे.

९ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा मलकपेठ. लॅपटॉप घेतला नाही. आठवत नाही इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुठे तरी हात हलवत गेलो.

सरोजने न विचारताच माळ्यावरून ढोलक काढून ठेवला होता. एकनाथराव तिला रागावले, मग कडी-दोऱ्या ओढत बसले. मी म्हणालो, मी नुसती टाळी धरतो, तुम्ही वाजवा. एक तास. मशीन नाही, काही नाही.

माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं त्यांनी. "एक तास?" म्हणाले.

"एक तास."

मग हसले. का ते मला तेव्हा समजलं नाही. (लबाडी. समजलं होतं. उद्या लिहीन.)

टाळी धरली. दहा-बारा आवर्तनं झाली असतील, त्यांनी हात थांबवला. "हिम्मतराव, तुम्ही घाईत आहात."

"मी?"

"हौ. दर चौथ्या टाळीला पळताय. बस पकडायचीय का?"

सरोज पदरात तोंड लपवून हसली. मी! एकतीस हजार ओळी, मिलिसेकंदाचा हिशोब, आणि मला दोन तळहात एका वेळी एका जागी आणता येत नाहीत. त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझ्याच मांडीवर माझाच हात आपटून दाखवला. असं. असं. असं. बोटं अजून डेपोतल्यासारखी टणक.

मग त्यांनी वाजवलं. लहानपणी गल्लीत बायका लग्नाला ढोलक घेऊन बसत, उर्दूतली थट्टेची गाणी म्हणत, त्यांच्यात बसून शिकलेला साधा ठेका. पहिली वीस मिनिटं डावा हात पुढे पळत होता. मलाही ऐकू आला. माझ्या कानाला! पळाला की ते थांबायचे, हाताकडे बघायचे — चावऱ्या कुत्र्याकडे बघावं तसं — आणि पुन्हा सुरू. शेवटी शेवटी पाच-सहा मिनिटं घरी आला. मग परत गेला.

"येईल," म्हणाले. "गेलाय तसा येईल. १९ ला नाही पण."

१० फेब्रुवारी, सोमवार

काही लिहीत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

रोहनला नकार कळवला.

आधी खरं सांगितलं. तो म्हणाला, "पण सर, बग फिक्स झाला ना आता? मग प्रॉब्लेम काय? फक्त डेमोत ती स्टोरी नका सांगू." मी म्हणालो, प्रॉब्लेम बगचा नाही. लाल रेघ खोटी असली तरी माणूस तिच्या मागे जातो, आणि मग ती खरी होते. तुम्ही ती हजारो पोरांपुढे लावणार. म्हणाला, "सर, बारा लाख आहेत." म्हटलं, ऐकू आलं मला.

त्रिवेणीला सांगितलं. ती म्हणाली, "ठीक आहे." मग, "माझ्या मशीनचं पायडल तेवढं परत द्या."

पायडल काढून दिलं. संध्याकाळी पाय मोकळे करायला स्टेशनपर्यंत गेलो. खरं सांगायचं तर छाती जरा वर होती. बारा लाखांना नाही म्हणणारा माणूस काचीगुड्यात किती जण दाखवतील?

१९ फेब्रुवारी, बुधवार

कार्यक्रम झाला. कुलदीपने ढोलक वाजवला, अंगठा कमी लावून. सुरू करायच्या आधी खाली उतरून एकनाथरावांच्या पाया पडला. त्या पोराला कुणी सांगितलं नव्हतं.

कुसुमताईंनी माइकवरून सांगितलं, आमचे एकनाथराव समोर बसलेत, पुढच्या कार्यक्रमाला इथे वर बसतील. आमच्या चुकीमुळे ते सव्वा वर्ष बाहेर राहिले. 'आमच्या' म्हणाल्या. मी पडद्यामागे टिफिनच्या डब्यावर बोटं ठेवून उभा होतो. तिथेच पुढे जाऊन 'माझ्या' म्हणायला हवं होतं. पहिलं गाणं सुरू झालं.

ते तिसऱ्या रांगेत, मांडीवर बोटं वाजवत होते. मी मोजलं नाही.

कार्यक्रमानंतर भेटले. माझ्या खांद्यावर हात ठेवून सरोजला म्हणाले, "ह्यांनी बारा लाख सोडले म्हणे. कुलदीप सांगत होता." आणि तिला खरंच कौतुकाने सांगत होते! मी नुसता उभा.

२२ फेब्रुवारी, शनिवार

२०२३ ची वही काढली. कुठलं पान ते शोधावं लागलं नाही. ८ ऑक्टोबर, रविवार. माझंच अक्षर — 'सकाळी ए. आले होते. काही विशेष नाही. दुपारी एडिटिंग.'

भिंतीवर लाल रेघ दाखवली त्याला महिना झाला होता. त्यांनी पुढे वाजवायला अजून सुरुवात केली नव्हती. ऑफिसात बसले पण नाहीत, उभ्यानेच म्हणाले, "हिम्मतराव, एक तास माझ्याजवळ बसा. माझा हात नका बघू, तुमची डबी बघा. मला तिचाच वहीम येतोय. फुकट नको, तुमची विद्या आहे." आणि पाकीट टेबलावर ठेवलं.

मी पाकीट परत सरकवलं. म्हणालो, "ती डबी माझ्या हातची आहे, एकनाथराव."

पाकिटावर त्यांनी शाईने माझं नाव घातलं होतं, खाली रक्कम. पाचशे एक रुपये.